तट्टाला तट्ट्यांचा आसरा



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो फार मोठा नाही. त्याची उंची चार फुटांची आहे. महूसारख्या गावात अजूनही थोडी तट्टे उरली आहेत. लग्नाच्या वरातीत, लहान मुलांना फेरी मारून आणण्यात आणि किरकोळ ओझी वाहण्यात त्यांचे दिवस जातात. अशा तट्टासाठी थोड्या पैशांत उभारता येईल आणि वेळ पडली तर उचलून दुसरीकडे नेता येईल असा निवारा कसा करावा, हे मला सांगायचे आहे. मी सुतार नाही व पशुवैद्यही नाही. मी शाळामास्तर आहे. हे काम मी चुका करीत शिकलो, आणि ऐकणाराला त्या चुकांचाच अधिक उपयोग होईल असे मला वाटते.

महू आणि घोडा यांचा संबंध गावाच्या जन्माइतका जुना आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला. पुढे ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी जॉन माल्कमने येथे छावणी वसवली. छावणी म्हटली की तबेले, नालबंद, मोतद्दार आणि गवताच्या गंजी ओघानेच आल्या. रेल्वे आल्यानंतरही स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असे. आता त्या जागी रिक्षा आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या उभ्या असतात. टांगे गेले, पण टांगेवाल्यांची सगळीच घरे घोड्यावाचून राहिली असे नाही. कोणी वरातीचे काम धरले, कोणी जत्रेचे. तबेले मात्र गेले. घोडा उरला आणि त्याचे ठाण हरवले, अशी ही स्थिती आहे.

लहान घोडा म्हणजे हलका घोडा, असा एक गैरसमज आहे. खरे पाहता मराठ्यांच्या दौडीचा मोठा भार दक्षिणेतील काटक तट्टांनीच वाहिला. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टाची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद अलीकडेच झाली आहे. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे धनगर आजही आपला संसार याच तट्टांच्या पाठीवर लादतात. परदेशातही असेच आहे. शेटलंड बेटांवरील तट्टे फार तर ४२ इंच उंच असतात. इंग्लंडमध्ये १८४२ च्या कायद्याने लहान मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवण्यास बंदी झाली, तेव्हा त्यांच्या जागी ही तट्टे खाणीत उतरवली गेली. अमेरिकेत तर ३४ इंचांहून कमी उंचीचे घोडे हौसेने पाळतात. ही उंची खांद्यापाशी, आयाळीच्या शेवटच्या केसांजवळ मोजतात. आमच्याकडील तट्टू बहुधा ४८ इंचांच्या आसपास असते, आणि माझी सारी मापे त्याच हिशेबाने दिलेली आहेत.

आता मूळ गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या वर्गातील एक मुलगा वरचेवर गैरहजर राहू लागला. वर्गात असला तरी पेंगत असे. विचारले तेव्हा कळले की घरी एक घोडी आहे आणि रात्री पाऊस आला की तिच्या पाठीवर पोते टाकण्यासाठी त्याला उठावे लागते. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. भाड्याची एक खोली, पुढे कोणाची तरी मोकळी जागा, त्या जागेत एक कडुनिंब आणि त्याखाली घोटाभर चिखलात उभी असलेली बदामी रंगाची घोडी. मी सहज म्हणालो, “रात्री तरी बसत असेल ना रे ही?” मुलगा म्हणाला, “सर, उभीच असते. चिखलात कशी बसेल?”

या एका वाक्याने मला पुढचे सारे काम लावून दिले. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ का होईना, आडवे व्हावेच लागते. जमीन कोरडी नसेल, किंवा अगाडी-पिछाडी आखूड बांधली असेल, तर तो आडवा होत नाही. अनेक दिवस असे गेले की तो उभ्या उभ्या गुडघ्यांत कोलमडतो. खूर सतत चिखलात राहिले की तळव्यातील मऊ भाग कुजू लागतो, त्याला घाण येते आणि जनावर लंगडते. लंगडे तट्टू म्हणजे त्या घराची बंद पडलेली मिळकत. मुलाची शाळा आणि घोडीचे खूर यांचा संबंध असा सरळ होता.

मुलाच्या वडिलांना निवाऱ्याची गरज कळत नव्हती असे मुळीच नाही. पण जागा त्यांची नव्हती. पाच वर्षांत त्यांनी तीनदा बिऱ्हाड हलवले होते. परक्याच्या जमिनीत खांब कोण पुरू देणार? आणि पुरू दिलेच, तर उद्या ते सोडून जायचे. त्यांना हवा होता तो पाठीवर घेऊन जाता येईल असा तबेला.

तो कसा असावा हे मला नाताळच्या गोठ्याने सुचवले. आम्हा कॅथलिक लोकांत ख्रिस्तजन्माचा देखावा करण्याची चाल आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी गव्हाण मांडून आणि बैल व गाढव उभे करून तो सण साजरा केला, तेव्हापासून ही प्रथा विशेष पसरली. डिसेंबरात आम्ही मुलांना हाताशी धरून बांबू आणि गवत यांचा गोठा उभा करतो आणि जानेवारीत त्याच्या भिंती सोडवून माळ्यावर ठेवतो. दरवर्षी तोच गोठा पुन्हा उभा राहतो. त्या माळ्याकडे पाहताना मनात आले की मातीच्या गाढवासाठी आपण हे दरवर्षी करतो, मग हाडामांसाच्या घोडीसाठी एकदा करायला काय हरकत आहे?

पहिला प्रयत्न साफ फसला. आम्ही चार बांबू उभे केले, वर पत्रा टाकला आणि भोवती तट्ट्या बांधल्या. पत्र्याखाली दुपारी उभे राहवेना, आणि पाऊस पडला की त्याच्या आवाजाने घोडी बिथरे. वाऱ्याने सारा सांगाडा एका अंगाला कलला. त्यात मी आणखी एक मूर्खपणा केला. घोडी कोपऱ्यातल्या बांबूलाच बांधण्यास सांगितले. एका रात्री जवळच वरातीतले फटाके वाजले. घोडीने हिसका दिला आणि अख्खा मांडव ओढत ती रस्त्यावर आली. तिच्या मागच्या पायाला खरचटले, इतक्यावरच निभावले. तोच पत्रा तिच्या मानेवर पडला असता तर त्या कुटुंबाला तोंड दाखवण्याची सोय मला उरली नसती. माझ्या उत्साहाची किंमत त्या मुक्या जिवाने द्यावी, हे बरोबर नव्हते.

दुसऱ्या वेळी मी प्रथम विचार केला आणि मग सुरी हाती घेतली. सांगाडा का कलला, याचे उत्तर आठवीच्या भूमितीत आहे. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच ठेवूनही तो वाकडा करता येतो, त्रिकोण मात्र वाकडा होत नाही. म्हणून प्रत्येक चौकटीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एक तिरपा बांबू हवाच. हे मी फळ्यावर अनेक वर्षे शिकवीत होतो, पण घोडीने शिकवले तेव्हा पटले.

आता रचना सांगतो. घोडा राहील ती जागा दहा फूट लांब आणि आठ फूट खोल असावी. अगदी ठेंगण्या, ३४ इंची घोड्याला आठ बाय सहा पुरेल. भिंती तीन, समोरची बाजू उघडी. छप्पर एकपाखी, समोर आठ फूट उंच आणि मागे साडेसहा फूट, म्हणजे पाणी मागे पडते व दारात चिखल होत नाही. माळव्यात पावसाळी वारा बहुतेक पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशांनी येतो, म्हणून पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला ठेवावे. सकाळचे ऊन आत येऊन जमीन वाळते हा आणखी एक लाभ.

भिंतींच्या सहा सुट्या चौकटी कराव्यात. मागच्या बाजूला पाच-पाच फुटांच्या दोन आणि दोन्ही अंगांना चार-चार फुटांच्या दोन-दोन. पाच फुटांहून रुंद चौकट दोन माणसांना उचलून नेणे जड जाते. प्रत्येक चौकटीत दोन उभे, तीन आडवे आणि एक तिरपा असे बांबू असावेत. सांधे सुंभाने किंवा काथ्याच्या दोरीने घट्ट बांधावेत. दोन चौकटी जेथे जोडायच्या तेथे मात्र नट-बोल्ट वापरावेत, कारण तेच पुढे सोडायचे आहेत. बोल्टचे गोल डोके आत आणि नट बाहेर असावा. बांबूला भोक पाडायचे ते पेराच्या गाठीला लागून पाडावे, मध्यावर पाडले तर बांबू चिरतो. खिळा शक्यतो नकोच. सैल झालेला एक खिळा घोड्याचा डोळा घेऊ शकतो.

भिंतीचा खालचा चार फुटांचा भाग लाथ सोसेल असा हवा. जुन्या खोक्यांच्या फळ्या किंवा जवळजवळ बसवलेले चिरलेले जाड बांबू येथे चालतात. दोहोंतील फट दोन इंचांहून कमी असावी आणि भिंत जमिनीपर्यंत टेकलेली असावी. घोडा लोळताना खूर फटीत किंवा भिंतीखाली अडकला तर तो घाबरून पाय मोडून घेतो. वरच्या भागाला साध्या तट्ट्या पुरतात. मागची भिंत सहा फुटांवरच थांबवावी. ती आणि छप्पर यांमध्ये राहणाऱ्या अर्ध्या फुटाच्या फटीतून कोंदलेली हवा निघून जाते. मूत्राचा उग्र वास डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबतो. निवारा स्वच्छ आहे की नाही हे आपल्या नाकाच्या उंचीवर पाहू नये, खाली वाकून जमिनीजवळ पाहावे. घोड्याचे तोंड बराच वेळ तेथेच असते.

छपरासाठी दहा फुटांचे सहा वासे, त्यांवर उलगडता-गुंडाळता येणारी तट्टी आणि तिच्यावर ताडपत्री. समोरचा आडवा वासा दुहेरी बांधावा, कारण त्याच्याखाली मधे खांब नाही. उन्हाळ्यात ताडपत्रीवर आणखी एक तट्टी टाकून तिच्यावर पाणी शिंपडले तर दुपार सुसह्य होते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा ही चैन नव्हे. या साऱ्याला अठरा-वीस फुटी वीस-बावीस बांबू लागतात. बांबू तीन वर्षांहून जून असावा. कोवळ्या बांबूतील पिठूळ द्रव्याला भुंगा लवकर लागतो. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवण्याची जुनी रीत याचसाठी आहे.

आता पायाविषयी. महूची जमीन काळी. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यात पुरलेला खांब पहिल्या पावसाळ्यात कलतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात कुजतो. म्हणून खांब पुरूच नये. परक्याच्या जागेत पुरता येत नाही ही अडचण येथे सोय ठरली. चौकटी सपाट दगडांवर किंवा पक्क्या विटांवर टेकवाव्यात आणि वाऱ्याने उडू नये म्हणून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून तीं कोपऱ्यांना आणि मध्यांना बांधावीत. अशी सहा पोती आम्हाला पुरली. ओल्या काळ्या मातीत लोखंडी मेखही सैल होते. वजन मात्र सैल होत नाही. आत अर्धा फूट मुरूम टाकून, धुमसून, मागच्या बाजूला किंचित उतार द्यावा. त्यावर लाकडाचा कोरडा भुसा किंवा भाताचे तूस पसरावे. लीद रोज दोनदा उचलावी आणि भिजलेला भुसा लगेच काढावा. जागा बदलताना मुरूम तेवढा नव्याने टाकावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या हलक्या निवाऱ्याला घोडा कधीही बांधू नये. समोरच्या उघड्या बाजूस दोन आडवे बांबू सरकवून ठेवावेत, म्हणजे तो आत मोकळा राहतो आणि हवा तेव्हा आडवा होतो. खरारा करताना किंवा नाल ठोकताना बांधावयाचा असेल तर बाहेर झाडाला बांधावा.

खर्चाचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही, कारण बांबूचा भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतो. आमच्या घोडीच्या बाबतीत बहुतेक पैसा बांबू आणि ताडपत्री यांवर गेला. फळ्या, पोती आणि विटा मागून आणलेल्या होत्या. मजुरी मुलांची आणि त्यांच्या वडिलांची.

गवत, भुसा आणि बांबू म्हटले की आगीची धास्ती आलीच. या बाबतीत आपल्याजवळ एक जुना आणि मोठा दाखला आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ साली चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी घोड्यांची पागा तेथे ठेवलेली होती. दाणावैरण बेताने वापरावी, ती आधीच उधळली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, अशी ताकीद महाराज देतात. पुढे ते आगीकडे वळतात. गवताजवळ कोणी चुली पेटवतील, कोणी तंबाखू ओढतील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेतील, असे बारकावे त्यांनी सांगितले आहेत. राज्याभिषेकाच्या वर्षी ज्या पुरुषाला उंदराची आणि वातीची आठवण राहते, त्याच्या हाताखाली पागा का टिकली हे वेगळे सांगायला नको. आपणही तेवढेच करावे. वैरणीची गंज निवाऱ्यापासून दूर ठेवावी, जवळ विडी ओढू नये, विजेची उघडी तार आत नेऊ नये, आणि एक भरलेली बादली नेहमी बाहेर असावी. तिचे पाणी घोड्यालाही लागतेच. लहान तट्टूसुद्धा दिवसाला दहा-बारा लिटर पाणी सहज पिते, उन्हाळ्यात त्याहून अधिक.

आजाराविषयी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. निवारा सुटा असल्याने त्याच्या चौकटी अधूनमधून उन्हात वाळवता येतात, हा मोठा फायदा आहे. परंतु घोड्याला ग्लँडर्स नावाचा एक भयंकर रोग होतो. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि फुटणारे व्रण अशी त्याची लक्षणे असतात, आणि तो माणसालाही होतो. असा संशय आला तर घरगुती उपाय करीत बसू नये आणि तो निवारा दुसऱ्या जनावरासाठी वापरू नये. २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. आमच्या गावात तर १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्ञान इतके जवळ असताना ते विचारायला संकोच का करावा? तसेच, ज्याची जागा असेल त्याची, आणि छावणी हद्दीत असेल तर तेथील कार्यालयाची परवानगी आधी विचारून घ्यावी. निवारा सुटा आहे म्हणून तो कोठेही मांडावा असा त्याचा अर्थ नाही.

तो दुसरा निवारा दोन पावसाळे उभा होता. पहिल्याच आठवड्यात मुलगा सकाळी धावत शाळेत आला आणि म्हणाला, “सर, ती झोपली! पाय पसरून झोपली! मला वाटले मेलीच.” त्याने रात्री तीनदा उठून ती श्वास घेते की नाही ते पाहिले होते, म्हणून त्या दिवशीही तो वर्गात पेंगलाच. मी त्याला उठवले नाही.

पुढे त्या कुटुंबाला ती जागाही सोडावी लागली. बोल्ट सोडायला सकाळ पुरली. चौकटी, वासे आणि गुंडाळलेल्या तट्ट्या हातगाडीवर दोन खेपांत गेल्या आणि संध्याकाळी घोडी पुन्हा आपल्या छपराखाली होती. घरच्या माणसांचे सामान मात्र त्या रात्री उघड्यावरच राहिले, कारण नव्या खोलीची किल्ली दुसऱ्या दिवशी मिळायची होती. हे मी आपणांस मुद्दाम सांगतो. बांबूच्या सहा चौकटींनी त्या कुटुंबाचे बिऱ्हाड स्थिर झाले नाही, आणि तसे होईल असे मी कधी समजलोही नाही. त्या कुटुंबाचे पोट ज्या पायांवर चालते ते चार पाय कोरडे राहिले, इतकेच झाले. आपल्या गल्लीत एखादे तट्टू रात्री पावसात उभे दिसले, तर त्याच्या मालकाला दोष देण्यापूर्वी त्याला उभे राहायला जागा आहे का, एवढे विचारावे. नसेल, तर बांबू कोठे मिळतात ते आता आपणांस ठाऊक आहे.